बसून अंतर मोजताना रेंजफाइंडरचा आकडा का फिरतो?

विट्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फार वेळ उभं राहता येत नाही. म्हणून खटाव-माणच्या माळावर आणि मायणीच्या तलावावर पक्षी मोजताना ते छोट्या घडीच्या स्टुलावर बसतात आणि लेझर रेंजफाइंडरने अंतर घेतात. समोरच्या एकाच बाभळीचं अंतर चार वेळा घेतलं, तर आकडे आले 61, 62, 97 आणि 143 मीटर. उभं राहून घेतलं तेव्हा तीनदा 97 च आला. त्यांचं विचारणं असं: यंत्र बिघडलंय, हात थरथरतो, की बसून हे काम होतच नाही? आणि तोवर चारही आकड्यांची सरासरी लिहिली तर चालेल का?

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमच्या वहीत आज-उद्या नोंदी होतच असतील. सरासरी अजिबात लिहू नका. तुमच्या चार आकड्यांची सरासरी 91 येते आणि 91 मीटरवर तिथे काहीच नाही. 61 वर काहीतरी आहे, 97 वर बाभूळ आहे, 143 वर मागचा बांध किंवा टेकाड असणार. म्हणजे हे चार आकडे एकाच वस्तूच्या चार चुकलेल्या मोजण्या नाहीत. तीन वेगवेगळ्या वस्तूंच्या त्या चार बरोबर मोजण्या आहेत. यंत्राने प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलंय, फक्त कशाचं अंतर सांगितलं ते सांगितलं नाही.

तुमचा खरा प्रश्न इथे आहे असं मला वाटतं. अडचण हाताच्या थरथरण्याची कमी आणि नजरेच्या उंचीची जास्त आहे. बसल्यावर हात उलट स्थिर होतो. पण लेझरचा झोत खाली येतो आणि गवतातून, झुडपांच्या शेंड्यांतून, पाण्याला घासून जायला लागतो. गेली 16 वर्षं मी सातारा-सांगली भागात वन्यजीव मोजणीचं काम करते. नवीन मुलांच्या हातात रेंजफाइंडर दिला की पहिल्या दिवशी हीच चूक होते. मीही केलेली आहे, ते पुढे सांगते.

आधी यंत्र काय करतं ते दोन वाक्यांत. ते अवरक्त प्रकाशाचे बारीक ठोके सोडतं, ठोका कशावर तरी आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जातो, म्हणजे तुमच्या बाभळीपर्यंत जाऊन यायला सेकंदाचा दहा लाखावा भागही लागत नाही. इतक्या घाईत यंत्राला बाभूळ आणि बोरीची फांदी यांतला फरक कळण्याचा प्रश्नच नाही. पुरेसा जोरदार परतावा, म्हणजे आदळून परत आलेला प्रकाश, मिळाला की त्याच्या दृष्टीने ते लक्ष्य.

दुसरी गोष्ट, झोत म्हणजे दोरा नव्हे. तो पुढे जाईल तसा पसरतो. किती पसरतो हे यंत्रागणिक वेगळं असतं. समजा तुमच्या यंत्राचा झोत 100 मीटरवर 20 सेंटिमीटर उंचीचा होतो. उभ्या खोडावर तो 20 सेंटिमीटरच राहील. पण तोच झोत सपाट जमिनीवर पडला, की ऊन उतरताना सावली लांबावी तसा लांबत जातो. स्टुलावर बसल्यावर तुमचा डोळा जमिनीपासून साधारण 105 सेंटिमीटरवर असतो (30 चं स्टूल आणि बैठकीपासून डोळ्यापर्यंत 75). त्या उंचीवरून 100 मीटरवरच्या सपाट जमिनीवर त्या झोताचा पट्टा जवळजवळ 19 मीटर लांब पडतो. उभं राहिलात आणि डोळा 160 वर गेला, तर साडेबारा मीटर. यंत्राने या 19 मीटरांतलं कुठलं ढेकूळ धरावं? म्हणूनच, बसलेले असा नाहीतर उभे, जमिनीवर नेम धरून अंतर घेऊ नये. बसलेल्या माणसाने तर नाहीच. नेम नेहमी उभ्या वस्तूवर धरायचा: खोड, दगड, वारुळ, खांब, बांधाची उभी बाजू.

आता गवताचं गणित. हे मी सगळ्यांना वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायला लावते. सपाट माळावर, जमिनीलगतच्या वस्तूवर नेम असेल, तर गवताची उंची भागिले डोळ्याची उंची. जो अपूर्णांक येईल, एकूण अंतराच्या तेवढ्या शेवटच्या भागात तुमचा झोत गवतातून जातो. पावसाळ्यानंतर कुसळी, पवन्या, मारवेल 60 सेंटिमीटर वाढलंय असं धरा. उभ्या माणसासाठी 60 भागिले 160, म्हणजे शेवटचे 37 टक्के. तुमच्या स्टुलावरून 60 भागिले 105, म्हणजे 57 टक्के. मांडी घालून जमिनीवर बसलात तर डोळा 75 वर, म्हणजे 80 टक्के. 100 मीटरवरच्या पक्ष्यावर नेम धरलाय आणि शेवटचे 80 मीटर झोत गवताच्या काड्यांमधून चाललाय! एवढ्या काड्यांतल्या एखाद्या दाट झुबक्यावरून परतावा आला, तर त्यात यंत्राचं काय चुकलं?

तुमच्या 61 आणि 62 कडे या नजरेने पाहा. मधे कुठेतरी गवताचा दाट पुंजका किंवा बोरीचं जाळं आहे, आणि उभ्याने तुमची नजर त्याच्यावरून जाते. आणि एक सापळा इथे दडलाय. दोन आकडे जुळले की मन म्हणतं, हाच खरा. आपण शाळेत तसंच शिकलो आणि शिकवलं, की पुन्हा मोजून तेच आलं म्हणजे बरोबर. पण मधला अडथळा जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचं अंतर अगदी इमानदारीने पुन्हापुन्हा तेच येतं. आकडा स्थिर आहे म्हणून तो तुमच्या लक्ष्याचाच आहे असं होत नाही.

माझी चूक अशीच होती. माणच्या माळावर, दहिवडीच्या पलीकडे, हिवाळ्यात आम्ही ठरलेल्या बिंदूंवर थांबून पक्षी मोजत होतो. पहिल्याच दिवशी माझा घोटा मुरगळला. काम थांबवायचं नव्हतं म्हणून तीन दिवस मी प्रत्येक बिंदूवर खाली घोंगडं टाकून बसून मोजलं. हात गुडघ्यांवर टेकलेले, आकडे एकदम ठाम येत होते, आणि मला वाटत होतं की उभ्यापेक्षा बरंच चाललंय. तिसऱ्या दिवशी सकाळी धाविक पक्ष्यांची जोडी एका पांढरट दगडाशेजारी दिसली. मी 44 मीटर लिहिलं. पक्षी पळत पुढे गेले. सोबतचा मुलगा सहज त्या दगडापर्यंत चालत गेला आणि तिथून ओरडला, "ताई, हे 44 नाही वाटत." टेप लावली. दगड 71 मीटरवर होता. परत घोंगड्यावर बसले, त्याच दगडावर नेम धरला, पुन्हा 44. मग मी जमिनीला हनुवटी टेकवून दगडाच्या दिशेने पाहिलं, तेव्हा कळलं. मधे जमिनीला हाताच्या तळव्याएवढाच उंचवटा होता आणि त्यावर वाळलेल्या कुसळीची रांग उभी होती. दगडाचा वरचा अर्धा भाग मला त्या काड्यांमधून अगदी स्पष्ट दिसत होता. डोळा काड्या दुर्लक्षून मागचं पाहतो. लेझरला ते जमत नाही.

त्या तीन दिवसांच्या नोंदी आम्ही बाद केल्या. दुरुस्त करता आल्या नसत्या का, असं कुणी विचारेल. नसत्या, कारण प्रत्येक नोंदीत चूक किती आणि कुठल्या दिशेने हे कळायला मार्ग नव्हता. आणि बिंदूवरून केलेल्या मोजणीत अंतराची चूक वर्गाने वाढते, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर ठरतं. सगळी अंतरं 10 टक्के जास्त लिहिली गेली, तर क्षेत्र 21 टक्के जास्त धरलं जातं आणि पक्ष्यांची घनता सुमारे 17 टक्के कमी निघते. 71 चे 44 होतात तेव्हा घनता अडीचपटीहून जास्त फुगते. पाच-सात वर्षांनी कुणी त्या आकड्यांवरून म्हणेल की या माळावर धाविक घटले. मला त्याची फार काळजी वाटते. आपल्याकडच्या माळरानांना आधीच 'पडीक' म्हणून हिणवलं जातं, त्यात आकडेही चुकीचे हाती दिले तर त्यांच्या बाजूने बोलणार कशाच्या जोरावर?

तर बसायचं कसं? तुमच्या बाबतीत हे गुडघ्यावर अवलंबून आहे, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते माझ्या सांगण्याच्या वर. पण सुदैवाने इथे दोन्ही गोष्टी एकाच दिशेला जातात. बुटक्या स्टुलावरून उठबस करणं गुडघ्याला त्रासाचं, आणि बुटकं स्टूल लेझरलाही वाईट. साधी, हातांची प्लॅस्टिकची खुर्ची घ्या. बैठक 45 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळा 120 वर जातो. वरच्या हिशोबात 57 टक्क्यांचे 50 होतात. काळ्या मातीत खुर्चीचे पाय रुततात आणि खुर्ची हळूहळू एका बाजूला कलते, तेव्हा पायांखाली चार फरशीचे तुकडे किंवा एक फळी टाका.

त्याहून मोठा फायदा जागेच्या निवडीत आहे. मायणीला काठाशी बसण्याऐवजी बांधावर बसा. दोन मीटर चढ मिळाला तर स्टूल आणि खुर्चीचा वादच संपतो. माळावर ताल (मातीचे बांध) असतात, ओढ्याचे काठ असतात, जुन्या खाणीचे ढिगारे असतात. मोजणीचा बिंदू आधीच ठरलेला असेल तर मात्र तो तुमच्या सोयीसाठी हलवू नका. तो हलवायचा का, हे मोजणी आखणाऱ्याने ठरवायचं. मनाने पंधरा मीटर बाजूला जाऊन बसणं म्हणजे वेगळीच मोजणी होते.

उंचावर बसलात की एक नवीन गोष्ट लक्षात ठेवावी लागते, तिरकं अंतर आणि आडवं अंतर. मोजणीसाठी आपल्याला आडवं अंतर हवं असतं. समजा तुमचा डोळा पाण्यापेक्षा 8 मीटर उंच आहे आणि पक्षी आडव्या मापाने 15 मीटरवर आहे. यंत्र सरळ रेषेत 17 दाखवेल. पायथागोरस तुम्हाला मी सांगायला नको. लांबच्या पक्ष्याला हा फरक नगण्य होतो, 100 मीटरला 30 सेंटिमीटर फक्त. म्हणजे जवळच्या पक्ष्यांनाच ही दुरुस्ती लागते आणि नेमके जवळचेच आकडे मोजणीत सगळ्यांत मोलाचे असतात. तुमच्या यंत्रात कोन मोजायची सोय असेल तर आडवं अंतर दाखवणारा मोड लावून ठेवा. नसेल तर कोनाचा अंदाज घेऊन हिशोब करा: 10 अंशाला दीड टक्का कमी, 20 ला 6 टक्के, 30 ला 13 टक्के.

मोडचा विषय निघालाच आहे तर हेही तपासा. बरीच हातातली यंत्रं गोल्फसाठी बनवलेली असतात. गोल्फमध्ये झेंड्याची काठी मोजायची असते आणि मागची झाडं सोडून द्यायची असतात, म्हणून अशी यंत्रं दोन परतावे आले की जवळचा धरतात. आपल्याला गवताळ माळावर नेमकं उलटं हवं असतं, जवळच्या काड्या सोडून मागची बाभूळ. काही यंत्रांत लांबचा परतावा धरायचा मोड असतो. तुमच्या माहितीपुस्तिकेत बघा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. पण तो मोड लावला की मागच्या बांधाचा 143 येण्याची शक्यता वाढते, हेही समजून घ्या. कुठलाही मोड आपला विचार करायचा त्रास वाचवत नाही.

आता हात. बसल्यावर कोपर गुडघ्यावर टेकवतात, पण हाडावर हाड टेकलं की ते घसरतं आणि डुगडुगतं. कोपराच्या थोडा वरचा, दंडाचा मऊ भाग गुडघ्याच्या वाटीच्या पुढे टेकवला की पकड बसते. तुम्ही मात्र ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर हे करू नका. तुमच्यासाठी काठी उत्तम. ही युक्ती मला म्हसवडच्या बाजूला एका मेंढपाळ बाबांनी शिकवली. मी बराच वेळ यंत्र डोळ्याला लावून बसले होते, ते शेजारी येऊन टेकले आणि म्हणाले, "हात कशाला भरून येऊ देता ताई? काठी काय निस्ती मेंढरं हाकायलाच असती व्हय?" त्यांनी आपली काठी माझ्यासमोर रोवली, माझी डावी मूठ काठीवर डोळ्याच्या उंचीला आवळायला लावली आणि त्या मुठीवर यंत्र ठेवायला सांगितलं. काठी जमिनीत, मूठ काठीवर, यंत्र मुठीवर, कपाळ यंत्राला हलकं टेकलेलं. तेव्हापासून मी दुसरा कुठला आधार विकत घेतलेला नाही. वारा असेल तर दोन काठ्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने कात्रीसारख्या बांधा आणि त्या बेचक्यात मूठ ठेवा.

बटणाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण बसून मोजताना हीच बारीक गोष्ट आकडा बिघडवते. बहुतेक यंत्रांचं बटण वरच्या बाजूला असतं. आपण बोटाने ते दाबतो तेव्हा यंत्राचं तोंड किंचित खाली झुकतं. किती? 100 मीटरवर 10 सेंटिमीटर खाली जाण्याइतकं झुकणं तुमच्या लक्षातही येणार नाही. उभ्या खोडावर नेम असेल तर काही बिघडत नाही, झोत 10 सेंटिमीटर खाली पण खोडावरच पडतो. पण नेम जमिनीलगत असेल, तर स्टुलावरून तेवढ्याच झुकण्याने मोजलं जाणारं ठिकाण सुमारे 9 मीटर अलीकडे येतं. उभ्याने तेच 6 मीटर. उपाय सोपा आहे. अंगठा यंत्राच्या खाली, बटणाच्या बरोबर समोर ठेवा आणि टाचणी उचलावी तसं दोन्हींमध्ये चिमटीत दाबा. नेम थोडा वरच धरा. दगडाच्या बुंध्याऐवजी मध्यावर, झाडाच्या मुळाऐवजी कमरेच्या उंचीवर. श्वास अर्धा सोडून थांबा आणि मग दाबा.

यंत्रात बटण दाबून धरल्यावर सतत आकडे दाखवायची सोय असेल, तर बसणाऱ्याने तीच वापरावी. लक्ष्यावरून हळूहळू खालून वर या आणि आकडे वाचत राहा. तुमच्या बाभळीवर असं केलंत तर खाली 61, 62 दिसेल, मग एकदम 97 वर उडी, शेंड्याच्या वर गेलात की 143. उडी कुठे बसते ते पाहिलं की कुठला आकडा कशाचा, याबद्दल शंकाच उरत नाही. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर या एका हालचालीत मिळेल, आणि आज संध्याकाळी गच्चीवरूनही ती करून बघता येईल.

नेमाची खूण आणि झोत एकाच जागी आहेत का, हेही एकदा तपासून घ्या. गावातली उंच पाण्याची टाकी यासाठी छान, कारण तिच्या मागे मोकळं आकाश असतं आणि आकाशातून परतावा येत नाही. सतत मोजणी चालू ठेवून टाकीच्या डाव्या कडेवरून आत या, मग उजव्या, मग वरच्या. खूण कडेला लागते तेव्हाच आकडा सुरू होतो का? खूण कडेबाहेर असताना आकडा येत असेल, तर झोत त्या बाजूला सरकलेला किंवा रुंद आहे. किती ते लक्षात ठेवा. मग यंत्र 90 अंशात आडवं धरून पुन्हा करा. पुष्कळ यंत्रांचा झोत गोल नसतो, एका दिशेला लांबट असतो. गवताच्या शेंड्यांवरून मोजताना लांबट बाजू आडवी राहील असं यंत्र धरलं तर खालच्या काड्या कमी लागतात. बाभळींच्या दोन खोडांमधल्या फटीतून मोजताना ती बाजू उभी ठेवा.

पाण्यावरचे पक्षी हा वेगळाच मामला आहे. शांत पाणी आरशासारखं वागतं. काठावर बसून तुम्ही वारकरी (कूट) पक्ष्यांच्या थव्यावर नेम धरता, तेव्हा झोत पाण्याला जेमतेम अर्ध्या-एक अंशात घासतो, पुढे निसटतो आणि समोरच्या काठावरून परत येतो. यंत्र 180 दाखवतं आणि वारकरी 90 वर पोहत असतात. पाण्यावर पक्ष्याला थेट मोजायचा हट्ट मी सोडून दिलाय. पाण्यातून वर आलेली वठलेली खोडं, खडक, मासेमारीच्या जाळ्याच्या काठ्या यांची अंतरं आधी घेऊन ठेवायची आणि थवा कुठल्या दोन खुणांमध्ये आहे ते पाहायचं. थव्याचं अंतर म्हणजे थव्याच्या मध्यापर्यंतचं, सगळ्यांत जवळच्या पक्ष्यापर्यंतचं नाही.

आणि हीच पद्धत माळावरही चालते. खरं तर बसणाऱ्यासाठी मी हीच मुख्य पद्धत मानते. उभा माणूस हिंडतो, बसलेला एका जागी राहतो, त्यामुळे त्याला भोवतालाचा नकाशा करता येतो. मोजणीच्या आधी वीस मिनिटं लवकर जा. वहीत मधोमध टिंब काढा, ते तुम्ही. चारही बाजूंना ठळक दगड, वारुळं, हिवर-बोरीची झुडपं यांची जागा मांडा आणि प्रत्येकाचं अंतर लिहा. सोबत कुणी असेल तर त्याला पुठ्ठा हातात धरून लक्ष्याशेजारी उभं करा आणि पुठ्ठ्यावर नेम धरा, मग गवताचा संशयच नाही. एका बिंदूभोवती बारा-पंधरा खुणा पुरतात. मोजणी सुरू झाली की माळटिटवी 'त्या काळ्या दगडाच्या थोडी अलीकडे' बसते, काळा दगड 53, झालं काम. पक्षी पहिल्यांदा दिसला त्या जागेचं अंतर लागतं, तो उडून कुठे बसला त्याचं नाही. खुणा आधी मोजलेल्या असल्या की पक्षी उडाला तरी ती जागा हातची जात नाही. कायमच्या खुणा म्हणून दगडांना चुना लावायचा असेल आणि जागा वनखात्याची असेल, तर वनरक्षकांना आधी विचारा.

काही किरकोळ गोष्टी एका दमात सांगते. तुमचा चष्मा दोन भागांचा असेल तर खुर्चीवर मान मागे टाकून पाहताना खालच्या, वाचायच्या भागातून पाहिलं जातं आणि खूण धूसर होते. चष्मा काढून यंत्राच्या डोळ्याकडच्या कडीने फोकस जुळवा. येरळा नदीच्या काठी हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, तेव्हा थेंबांवरूनच परतावा येऊन आकडे फार लहान येतात, धुकं उठेपर्यंत थांबा. एप्रिलच्या दुपारी मृगजळाने दृश्य थरथरतं, त्याने अंतरात फरक पडत नाही, पण नेम चुकतो. भर उन्हात यंत्राचा पल्ला कमी होतो, ढगाळ दिवशी वाढतो. खोक्यावर लिहिलेला मोठा पल्ला चकचकीत फलकासाठी असतो, झाडाला आणि जनावराला तो बराच कमी मिळतो. गाडीत बसून मोजणार असाल तर इंजिन बंद, काच पूर्ण खाली आणि दारावर घडी केलेला टॉवेल. बंद काचेतून मोजू नका. आणि माणसांच्या डोळ्यांकडे यंत्र रोखू नका.

उरला यंत्र बिघडल्याचा प्रश्न. तो घरीच सोडवता येतो. शाळेच्या मैदानावर टेपने 25, 50 आणि 100 मीटर मोजून फक्कीच्या रेघा मारा. मैदान आखायची सवय तुम्हाला असेलच. प्रत्येक रेघेवर फळा किंवा मोठा पुठ्ठा उभा करा, खुर्चीवर बसून प्रत्येकी दहा वेळा मोजा. मधे गवत नाही, लक्ष्य उभं आणि मोठं, म्हणजे उंचीचा आणि नेमाचा सगळा दोष बाजूला निघाला. आता आकडे टेपपासून एक मीटरच्या आत राहिले तर यंत्र ठणठणीत आहे. सगळे आकडे सारखेच दोन-तीन मीटर जास्त किंवा कमी असतील, तर ती यंत्राची कायमची चूक समजा आणि प्रत्येक नोंदीतून वजा किंवा अधिक करा. इथेही आकडे उड्या मारत असतील तर आधी बॅटरी नवीन टाका, पुढची काच मऊ सुती कापडाने पुसा, पुन्हा करा. तरीही तेच असेल, तरच दुरुस्तीला पाठवा.

हे तीस आकडे, खुर्चीवर बसल्यावर डोळा जमिनीपासून किती उंच येतो ते माप, आणि बाभळीवर खालून वर येताना कुठे कुठे उडी बसली ते, एवढं लिहून पाठवा. त्यावरून तुमच्या जुन्या नोंदींतल्या कुठल्या ठेवता येतील आणि कुठल्या सोडाव्या लागतील, ते एकेक बघू.